हिमभूमीतील सत्यशोधक : डॉ. एडवर्ड विल्सन

दक्षिण ध्रुवाचे नाव निघाले की कॅप्टन स्कॉट आणि रोआल्ड अमुंडसेन यांच्यातील शर्यत बहुतेकांना आठवते. कोण आधी पोहोचले, कोण मागे राहिले, कोण सुखरूप परतले आणि कोण बर्फात कायमचे निजले, एवढ्यावर ती कथा सहसा संपते. परंतु स्कॉट यांच्या तंबूत अखेरच्या दिवसांत त्यांच्या शेजारी जे दोन सहकारी होते, त्यांपैकी एकाला ध्रुवापेक्षा ध्रुवप्रदेशातील पक्षी, खडक आणि आकाशाचे रंग अधिक मोलाचे वाटत होते. ते म्हणजे डॉ. एडवर्ड एड्रियन विल्सन. ते वैद्य होते, प्राणिशास्त्रज्ञ होते, कुशल चित्रकार होते आणि त्या मोहिमेच्या शास्त्रीय विभागाचे प्रमुख होते. त्याचबरोबर ते एक निष्ठावंत ख्रिस्ती गृहस्थही होते. ते काथलिक नव्हते, अँग्लिकन पंथीय होते. तरीही त्यांच्या जीवनात आपणा सर्वांना विचार करावयास लावील असे पुष्कळ काही आहे, म्हणून त्यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

बालपण आणि शिक्षण

विल्सन यांचा जन्म २३ जुलै १८७२ रोजी इंग्लंडमधील चेल्टनहॅम या गावी झाला. वडील एडवर्ड टॉमस विल्सन हे गावातील नामवंत डॉक्टर होते. दहा भावंडांच्या त्या मोठ्या कुटुंबात पुस्तके, प्रार्थना आणि निसर्गाची आवड या तिन्ही गोष्टींना मान होता. गावाजवळच्या टेकडीवर कुटुंबाने एक शेत खंडाने घेतले होते. तेथील रानवाटांवर मुलगा तासन् तास भटकत असे, पक्ष्यांची घरटी न्याहाळत असे आणि जे पाहिले ते कागदावर उतरवीत असे. चित्रकलेचे औपचारिक शिक्षण त्याला फारसे मिळाले नाही. प्रत्यक्ष डोळ्यांनी जे दिसले तेच काढावयाचे, पदरचे काही घालावयाचे नाही, ही शिस्त मात्र त्याने लहानपणीच स्वतःस लावून घेतली. पुढे हीच शिस्त त्याच्या विज्ञानाचीही शिस्त झाली.

१८९१ मध्ये विल्सन केंब्रिज विद्यापीठाच्या गॉनव्हिल अँड कीझ महाविद्यालयात दाखल झाले. १८९४ मध्ये निसर्गविज्ञानाच्या परीक्षेत त्यांनी प्रथम वर्ग मिळविला. त्यानंतर वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात गेले. या काळात ते बॅटर्सी या गरीब वस्तीतील आपल्या महाविद्यालयाच्या मिशनमध्ये राहत असत. दिवसभर रुग्णालयात काम करावे, संध्याकाळी वस्तीतील मुलांना शिकवावे, त्यांना प्रार्थनेसाठी एकत्र आणावे आणि रात्री अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम होता. खाण्यापिण्याच्या बाबतीत ते स्वतःवर फार कठोर होते. असिसीकर संत फ्रान्सिस यांचे जीवन त्यांना विशेष जवळचे वाटे. साधेपणा, गरिबांविषयी कळवळा आणि प्राणिमात्रांकडे परमेश्वराची निर्मिती म्हणून पाहण्याची दृष्टी ही त्या संताची शिकवण त्यांनी मनापासून स्वीकारली होती. याच मिशनमध्ये त्यांची ओरियाना सूपर या धर्मोपदेशकाच्या कन्येशी ओळख झाली.

अतिश्रमांचा परिणाम प्रकृतीवर झालाच. १८९८ मध्ये त्यांना क्षयरोग झाल्याचे निष्पन्न झाले. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. मोकळी हवा आणि विश्रांती हाच उपाय. ते नॉर्वेला आणि नंतर स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे जाऊन राहिले. आपण फार काळ जगणार नाही या जाणिवेने त्या एकांतात त्यांनी मृत्यूचा शांतपणे विचार केला. पुढील काळात सहकाऱ्यांना त्यांच्या ठायी जो धीर दिसला त्याचे मूळ या आजारपणात आहे असे आम्हांस वाटते. ते बरे झाले, १९०० मध्ये डॉक्टर झाले आणि १६ जुलै १९०१ रोजी ओरियाना यांच्याशी विवाहबद्ध झाले.

पहिली दक्षिणयात्रा

विवाहानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, ६ ऑगस्ट १९०१ रोजी, विल्सन 'डिस्कव्हरी' जहाजावरून दक्षिणेकडे निघाले. वैद्यकीय मंडळाने त्यांच्या फुप्फुसांवरील क्षयाच्या खुणा पाहून त्यांना अपात्र ठरविले होते. परंतु मोहिमेचे नेते रॉबर्ट फाल्कन स्कॉट यांनी त्यांना घेण्याचा आग्रह धरला आणि विल्सन यांनी जोखीम पत्करली. दुय्यम डॉक्टर, प्राणिशास्त्रज्ञ आणि चित्रकार अशी तिहेरी जबाबदारी त्यांच्यावर होती.

अंटार्क्टिकात चित्र काढणे ही सोपी गोष्ट नव्हे. जलरंग उघड्यावर गोठतात. म्हणून विल्सन पेन्सिलीने भराभर रेखाटन करीत, कोणत्या जागी कोणता रंग आहे याच्या नोंदी शब्दांत लिहीत आणि मग निवाऱ्यात परतल्यावर दिव्याच्या उजेडात ते चित्र रंगवीत. मोजे काढून दोन-चार मिनिटे पेन्सिल धरली की बोटे बधिर होत. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या प्रखर प्रकाशात डोळे उघडे ठेवून रेखाटन केल्यामुळे त्यांना वारंवार हिमांधत्व आले. डोळ्यांत वाळू भरल्यासारख्या वेदना होत आणि त्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून स्लेजगाडी ओढावी लागे. तरीही सूर्याभोवती पडणारी खळी, डोंगरांच्या कडा, ध्रुवीय आकाशातील प्रकाश यांची त्यांनी केलेली चित्रे इतकी नेमकी आहेत की अभ्यासकांना ती कलेइतकीच शास्त्रीय नोंद म्हणूनही उपयोगी पडतात. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह केंब्रिज येथील स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्थेत जतन केलेला आहे.

नोव्हेंबर १९०२ मध्ये स्कॉट, विल्सन आणि अर्नेस्ट शॅकल्टन हे तिघे दक्षिणेकडे निघाले. ३० डिसेंबर रोजी ते ८२ अंश दक्षिण अक्षांशापलीकडे पोहोचले. तोवर कोणीही मनुष्य इतका दक्षिणेला गेलेला नव्हता. परतीच्या वाटेवर तिघांनाही स्कर्व्हीने ग्रासले. हा रोग ताज्या अन्नातील क जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो हे ज्ञान तेव्हा जगाला नव्हते. जीवनसत्त्वांचा शोध अजून लागावयाचा होता. शॅकल्टन तर जवळजवळ कोसळले होते. डॉक्टर या नात्याने विल्सन यांनी त्यांची काळजी घेतली आणि फेब्रुवारी १९०३ मध्ये तिघेही जहाजावर परतले.

एका पक्ष्याचे कोडे

याच मोहिमेत विल्सन यांच्या पुढील आयुष्याला वळण देणारी घटना घडली. ऑक्टोबर १९०२ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांना केप क्रोझियर या भूशिराखालील समुद्रबर्फावर सम्राट पेंग्विनांची वसाहत आढळली. पेंग्विनांमधील ही सर्वांत मोठी जात. तिची वीण कोठे होते हे तोपर्यंत कोणालाही ठाऊक नव्हते. पुढच्या वर्षी वसंत ऋतूच्या आरंभी विल्सन स्वतः तेथे गेले. परंतु पिल्ले आधीच बाहेर आलेली होती. याचा अर्थ स्पष्ट होता. हा पक्षी अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात, महिनोन् महिने सूर्य उगवत नाही अशा अंधारात, उघड्या बर्फावर अंडे घालतो आणि ते आपल्या पायांवर ठेवून पोटाखालच्या कातडीच्या घडीने झाकून उबवितो. आज आपल्याला माहीत आहे की हे काम नर करतो. सुमारे दोन महिने तो अंड्यासह उभा असतो आणि त्या काळात अन्नाचा कणही घेत नाही.

त्या काळी प्राणिशास्त्रात असा समज प्रचलित होता की अंड्यातील गर्भ वाढताना आपल्या पूर्वजांच्या सर्व अवस्थांची पुनरावृत्ती करतो. सम्राट पेंग्विन हा पक्ष्यांमधील अतिशय प्राचीन प्रकार असावा असेही मानले जाई. ही दोन्ही गृहीतके एकत्र केली तर निष्कर्ष मोठा मोहक होता. या पक्ष्याचा अगदी प्रारंभीचा गर्भ मिळाला तर पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्यातील दुवा, खवल्यांपासून पिसे कशी झाली याचा पुरावा, हाती लागेल. त्यासाठी ताजी अंडी हवी होती आणि ती मिळविण्यास ऐन हिवाळ्यात तेथे जावयास हवे होते.

१९०४ मध्ये मायदेशी परतल्यावर विल्सन यांनी पक्ष्यांवरील आपला सविस्तर अहवाल लिहिला. १९०५ च्या आंतरराष्ट्रीय पक्षिशास्त्र परिषदेत पेंग्विनांविषयी बोलताना त्यांनी मॅक्वेरी बेटावर तेलासाठी चाललेल्या पेंग्विनांच्या कत्तलीविरुद्ध आवाज उठविला. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी स्कॉटलंड-इंग्लंडच्या माळरानांवरील ग्राउझ या पक्ष्यांच्या साथीचा अभ्यास करण्यात घालविली. सुमारे दोन हजार पक्ष्यांचे विच्छेदन करून, आतड्यातील एक बारीक सूत्रकृमी या रोगाच्या मुळाशी आहे हे त्यांनी दाखविले. १९०७ मध्ये शॅकल्टन यांनी त्यांना आपल्या मोहिमेत येण्याची गळ घातली. परंतु हाती घेतलेले काम अर्धवट टाकणे योग्य नव्हे म्हणून त्यांनी नकार दिला. पक्ष्यांच्या आतड्यांची तपासणी सोडून ध्रुवाच्या कीर्तीमागे धावावे असे त्यांना वाटले नाही, ही गोष्ट लहान नाही.

हिवाळ्यातील प्रवास

१५ जून १९१० रोजी 'टेरा नोव्हा' जहाज कार्डिफहून निघाले. यावेळी विल्सन संपूर्ण शास्त्रीय पथकाचे प्रमुख होते. हवामान, भूचुंबकत्व, भूगर्भ, हिमनद्या, समुद्रजीव अशा अनेक विषयांचे तरुण अभ्यासक त्यांच्या हाताखाली होते. तरुण सहकारी त्यांना 'अंकल बिल' म्हणत. भांडण झाले, मन खचले, घरची आठवण अनावर झाली तर माणसे त्यांच्याकडे जात. बर्फाळ समुद्रातून जहाज जात असता ते डोलकाठीवरच्या टेहळणीच्या पिंपात एकटेच चढून बसत आणि तेथे प्रार्थना करीत. ती जागा त्यांनी आपले खासगी प्रार्थनामंदिरच मानली होती.

२७ जून १९११ रोजी, अंटार्क्टिकाच्या भर हिवाळ्यात, विल्सन, लेफ्टनंट हेन्री बॉवर्स आणि अॅप्सली चेरी-गॅरार्ड हे तिघे केप एव्हान्सच्या तळावरून केप क्रोझियरकडे निघाले. बॉवर्स हे रॉयल इंडियन मरीनमधील अधिकारी होते. मुंबई बंदर हे त्या दलाचे मुख्य ठाणे. अंतर शंभर किलोमीटरहून थोडेसेच अधिक होते. परंतु दोन स्लेजगाड्यांवर सुमारे ३४० किलो सामान होते आणि ते माणसांनीच ओढावयाचे होते. अतिथंड बर्फाचे कण वाळूसारखे कोरडे होतात, त्यांवरून गाडी घसरत नाही. त्यामुळे एक गाडी पुढे नेऊन ठेवावयाची आणि अंधारात आपल्याच पावलांचे ठसे मेणबत्तीच्या उजेडात शोधीत दुसरीसाठी मागे यावयाचे, असा प्रकार करावा लागला. म्हणजे एक मैल पुढे सरकण्यासाठी तीन मैल चालणे. दिवसाकाठी कधी कधी दोन-तीन किलोमीटरच प्रगती होई.

तापमान शून्याखाली ६० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरले. तंबूबाहेर आल्यावर काही सेकंदांत अंगावरचे कपडे गोठून पत्र्यासारखे ताठ होत. ज्या स्थितीत मान असेल त्याच स्थितीत ती तासन् तास राही. कातडी झोपण्याच्या पिशव्या घामाने व श्वासाने भिजून गोठत आणि त्यांत शिरण्यासच बराच वेळ लागे. थंडीने दातावर दात आपटून चेरी-गॅरार्ड यांच्या दातांना तडे गेले. अशा अवस्थेतही तिघे एक प्रयोग करीत होते. चरबी, बिस्किटे आणि मांस यांचे प्रमाण प्रत्येकाने वेगवेगळे ठेवले होते. कडक थंडीत श्रम करणाऱ्या माणसास कोणता आहार मानवतो हे त्यांना ठरवावयाचे होते. पुढे ध्रुवयात्रेचा शिधा या अनुभवावरून ठरविण्यात आला. आजच्या ज्ञानानुसार तो शिधाही त्या श्रमांच्या मानाने अपुराच होता.

एकोणीस दिवसांनी ते केप क्रोझियरजवळ पोहोचले. डोंगराच्या उतारावर त्यांनी दगडांच्या भिंती रचून, वर कॅनव्हासचे छप्पर घालून एक लहानसा निवारा उभारला. २० जुलै रोजी बर्फाचे कडे आणि हिमभेगा ओलांडून ते पेंग्विनांच्या वसाहतीत उतरले. पूर्वी जेथे हजारो पक्षी दिसले होते तेथे यावेळी शंभरएक होते. अंड्याची ओढ त्या पक्ष्यांना इतकी अनिवार होती की ज्यांच्याजवळ अंडे नव्हते ते बर्फाचे गोळेच पायांवर घेऊन उबवीत बसले होते. पाच अंडी मिळाली. अंधारात परत चढताना त्यांतील दोन फुटली. तीन उरली.

त्यानंतर दोन दिवसांनी भयंकर वादळ सुटले. प्रथम तंबू उडून गेला. तंबूवाचून परतीचा प्रवास अशक्य होता. नंतर निवाऱ्याच्या छपराच्या चिंध्या झाल्या. तो दिवस २३ जुलै होता, विल्सन यांचा एकोणचाळिसावा वाढदिवस आणि रविवारही. तिघे आपापल्या पिशव्यांत बर्फाखाली निपचित पडून राहिले. जवळपास दोन दिवस त्यांना अन्न शिजविता आले नाही. त्या स्थितीत ते भजने म्हणत आणि एकमेकांस हाक मारून जिवंत असल्याची खात्री करून घेत. वारा पडल्यावर शोध घेता तंबू उतारावर सुमारे अर्ध्या मैलावर जवळजवळ शाबूत सापडला. तिघांचेही प्राण परत मिळाल्यासारखे झाले. १ ऑगस्ट रोजी ते तळावर परतले, तेव्हा त्यांचे गोठलेले कपडे अंगावरून कापूनच काढावे लागले. पाच आठवड्यांच्या या यातनायात्रेत तिघांमध्ये एकदाही कटू शब्दाची देवाणघेवाण झाली नाही, अशी साक्ष पुढे चेरी-गॅरार्ड यांनी आपल्या ग्रंथात दिली आहे.

ध्रुव आणि परतीची वाट

१ नोव्हेंबर १९११ रोजी ध्रुवयात्रा सुरू झाली. जाऊन-येऊन सुमारे २,९०० किलोमीटरचा तो प्रवास होता. अखेरच्या टप्प्यासाठी स्कॉट यांनी विल्सन, बॉवर्स, कॅप्टन ओट्स आणि एडगर एव्हान्स यांची निवड केली. १७ जानेवारी १९१२ रोजी हे पाच जण दक्षिण ध्रुवावर पोहोचले. परंतु अमुंडसेन यांची नॉर्वेजियन तुकडी १४ डिसेंबर १९११ रोजीच तेथे येऊन गेली होती. तंबू व नॉर्वेचा ध्वज तेथे होता. या निराशेतही विल्सन यांनी त्या तंबूचे रेखाटन केले, हे त्यांच्या स्वभावास धरूनच होते.

परतीच्या वाटेवर, ८ फेब्रुवारी रोजी, बिअर्डमोर या सुमारे २०० किलोमीटर लांबीच्या हिमनदीच्या वरच्या भागात माउंट बकली येथे त्यांनी मुक्काम केला. डोंगराच्या उघड्या कड्यात कोळशाचे थर होते. थकलेल्या, उपाशी विल्सन यांनी तेथील दगड फोडून पाहिले. आत पानांचे ठसे होते. शिरा स्पष्ट दिसाव्यात इतके ते सुबक होते आणि बीच वृक्षाच्या पानांची त्यांना आठवण करून देणारे होते. जेथे गवताचे पातेही उगवत नाही त्या भूमीवर कधीकाळी अरण्य होते! त्यांनी सुमारे १६ किलो नमुने गोळा करून स्लेजगाडीवर ठेवले.

पुढचा इतिहास दुःखद आहे. १७ फेब्रुवारी रोजी एव्हान्स मरण पावले. मार्चच्या मध्यास ओट्स यांचे गोठलेले पाय त्यांना पुढे नेईनात; आपल्यामुळे इतरांचा जीव जाऊ नये म्हणून ते वादळात तंबूबाहेर निघून गेले. औषधाच्या पेटीच्या किल्ल्या विल्सन यांच्या हाती होत्या. वेदना संपविण्याचे साधन आपल्याजवळ असावे असा आग्रह स्कॉट यांनी धरला, तेव्हा विल्सन यांनी मोठ्या अनिच्छेने त्यास संमती दिली. परंतु अखेरीस तिघांनीही मरण आपल्या पायांनी येईल तेव्हा येऊ द्यावयाचे ठरविले. अन्न-इंधनाच्या मोठ्या साठ्यापासून केवळ १८ किलोमीटरवर वादळाने त्यांना अडविले. स्कॉट यांची अखेरची नोंद २९ मार्च १९१२ ची आहे. विल्सन यांनी पत्नीला आणि आईवडिलांना पत्रे लिहिली. परमेश्वराच्या इच्छेत आपण शांत आहोत आणि पुनर्भेट निश्चित आहे, असा त्या पत्रांचा आशय आहे. स्कॉट यांनीही ओरियाना यांना लिहिलेल्या पत्रात त्यांच्या पतीच्या अखेरपर्यंत टिकलेल्या शांतीविषयी व निःस्वार्थीपणाविषयी कळविले.

१२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधपथकास तो तंबू सापडला. या पथकाबरोबर हिंदुस्थानातून पाठविलेली सात खेचरे होती. विल्सन आणि बॉवर्स आपापल्या पिशव्यांत झोपी गेल्यासारखे होते. तंबूबाहेर, बर्फाखाली, स्लेजगाडी होती आणि तिच्यावर ते १६ किलो दगड जसेच्या तसे होते. फेब्रुवारी १९१३ मध्ये पतीच्या भेटीसाठी न्यूझीलंडमध्ये आलेल्या ओरियाना यांना ही वार्ता कळली. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

व्यर्थ गेलेले आणि फळास आलेले

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या कष्टांचे फळ काय?

चेरी-गॅरार्ड यांनी ती तीन अंडी १९१३ मध्ये लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात पोहोचविली. तेथे त्यांचे स्वागत उदासीनतेनेच झाले. गर्भांचा अभ्यास एका शास्त्रज्ञाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. अखेर १९३४ मध्ये सी. डब्ल्यू. पार्सन्स या प्राणिशास्त्रज्ञांचा अहवाल प्रसिद्ध झाला. पेंग्विनांच्या गर्भवाढीविषयीच्या ज्ञानात या अंड्यांनी फारशी भर पडली नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. गर्भ पूर्वजांच्या अवस्थांची पुनरावृत्ती करतो हा सिद्धान्तच तोवर मागे पडला होता, आणि सम्राट पेंग्विन हा आदिम पक्षीही नव्हे असे ठरले होते. ज्या प्रश्नासाठी तीन माणसांनी प्राण पणास लावले तो प्रश्नच चुकीच्या पायावर उभा होता.

दगडांची गोष्ट निराळी झाली. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ए. सी. स्यूअर्ड यांनी १९१४ मध्ये जाहीर केले की ते ठसे ग्लॉसोप्टेरिस या सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षाच्या पानांचे आहेत. या वनस्पतीचे नाव आपल्या प्रदेशास अपरिचित नाही. विदर्भातील कामठी आणि चंद्रपूर परिसरातील कोळसा ज्या थरांत सापडतो त्याच थरांत तिची पाने आढळतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपुरातील मिशनरी रेव्ह. स्टीफन हिस्लॉप यांनीही ती गोळा केली होती. मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरूनच या खडकांना गोंडवना हे नाव पडले. एकच अरण्य नागपूरजवळ आणि दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर कसे? जड बियांची ही झाडे महासागर ओलांडून जाणे कठीण. तेव्हा हे भूभाग कधीकाळी जोडलेले असले पाहिजेत. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी खंडे सरकतात हा आपला विचार पहिल्यांदा मांडला तो जानेवारी १९१२ मध्ये, म्हणजे हे पाच जण ध्रुवाच्या समीप असतानाच. वेगेनर स्वतःही १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर संशोधन करीत असता मृत्यू पावले. त्यांचा विचार जगाने १९६० च्या दशकात स्वीकारला. माउंट बकलीच्या पानांनी त्या विचाराला एक महत्त्वाचा आधार दिला. आज गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून भारताच्या मैत्री आणि भारती या अंटार्क्टिकातील तळांचे काम चालते, आणि भारत व अंटार्क्टिका यांच्या या जुन्या नात्याचा शोध आपले शास्त्रज्ञही घेत आहेत.

त्या दगडांच्या ओझ्यामुळेच ते मेले, अशी टीका काहींनी केली आहे. आम्हांस ती पटत नाही. उपासमार, इंधनाची गळती, गोठलेले पाय आणि त्या वर्षीच्या मार्च महिन्यातील असाधारण थंडी ही कारणे त्याहून कितीतरी मोठी होती. हवामानाच्या नोंदींच्या अलीकडील अभ्यासातून ती थंडी नेहमीपेक्षा बरीच तीव्र होती असे दिसून आले आहे. इतर सामान टाकून देतानाही त्यांनी दगड टाकले नाहीत. आपण परतलो नाही तरी ही साक्ष परतावी, एवढाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

अंड्यांच्या बाबतीतही व्यर्थ हा शब्द आम्ही जपून वापरू. सम्राट पेंग्विन ऐन हिवाळ्यात कसा वीण करतो याचे पहिले प्रत्यक्षदर्शी वर्णन या प्रवासाने जगास दिले. आज उपग्रहांच्या साहाय्याने या पक्ष्यांच्या वसाहती मोजल्या जातात. समुद्रबर्फ लवकर वितळल्याने २०२२ मध्ये बेलिंगहाउझेन समुद्रातील पाचपैकी चार वसाहतींत पिल्ले जगली नाहीत, असे शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये दाखवून दिले. पिसे पुरती न फुटलेल्या पिल्लांखालचा बर्फच नाहीसा झाला. या पक्ष्याचे भवितव्य आता मानवाच्या वर्तनावर अवलंबून आहे. पेंग्विनांच्या कत्तलीविरुद्ध बोलणारे विल्सन आज असते तर गप्प बसले नसते.

प्रामाणिकपणे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले तरी ते उत्तरच असते. ज्ञानाचा एक बंद दरवाजा पुढच्या माणसास कळतो आणि त्याचे श्रम वाचतात. ज्या अंड्यांसाठी विल्सन यांनी सर्व काही पणास लावले त्यांतून फारसे निघाले नाही, आणि वाटेत सहज वाकून उचललेल्या दगडांनी पृथ्वीचा इतिहास उलगडण्यास हातभार लावला. कोणते काम फळेल हे ठरविणे त्यांच्या हाती नव्हते. दोन्ही कामे सारख्याच निष्ठेने करणे त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी केले. श्रद्धा आणि विज्ञान यांची त्यांच्या मनात कधी भांडणे झाली नाहीत, कारण दोन्हीकडे त्यांना एकच गोष्ट करावयाची होती : सत्य जसे आहे तसे पाहणे आणि त्यापुढे नम्र होणे.

१९१४ मध्ये चेल्टनहॅममध्ये विल्सन यांचा पुतळा उभारण्यात आला. तो स्कॉट यांच्या पत्नी कॅथलीन यांनी घडविला. अंटार्क्टिकातील ऑब्झर्व्हेशन हिलवर पाचही जणांच्या स्मरणार्थ १९१३ मध्ये रोवलेला लाकडी क्रूस आजही उभा आहे. आणि केप क्रोझियरच्या उतारावर, छप्पर उडालेल्या त्या निवाऱ्याच्या दगडी भिंतींचे अवशेष ऐतिहासिक स्मारक म्हणून जतन केले आहेत. दर हिवाळ्यात त्या भिंतींच्या खाली, समुद्रबर्फावर, सम्राट पेंग्विन आजही आपली अंडी पायांवर घेऊन अंधारात उभे राहतात.